ब्रेक काय सांगतो?

[मोटार चालवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे असते. ब्रेक काम कसे करतो, तो बिघडू लागला की कोणत्या खुणा दिसतात आणि त्याची निगा कशी राखावी, याची माहिती या पाठात दिली आहे.]

मोटार किती वेगाने धावते, याचे सर्वांना कौतुक वाटते. नवी गाडी पाहिली, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "ही ताशी किती किलोमीटर पळते?" "ही किती अंतरात थांबते?" असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरे पाहता दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. इंजिन बंद पडले, तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते; फार तर आपल्याला उशीर होतो. पण ब्रेक लागला नाही, तर गाडीतील माणसांचे आणि रस्त्यावरील माणसांचेही प्राण धोक्यात येतात.

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकल चालवत असतील. सायकलचा ब्रेक दाबला, की रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. रबर आणि चाक यांच्यात घर्षण होते आणि चाकाचा वेग कमी होतो. हाताचे तळवे एकमेकांवर जोराने घासून पाहा. ते गरम होतात ना? ब्रेकमध्येही हेच घडते. धावणाऱ्या गाडीची ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत बदलते आणि गाडी थांबते.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. माणसांसह एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजा. ती थांबवताना जी उष्णता तयार होते, तेवढ्या उष्णतेत सुमारे अर्धा लिटर पाणी उकळू लागेल. म्हणजे तीन-चार कप चहाचे पाणी एका थांबण्यात तापते! ही सारी उष्णता ब्रेकला सोसावी लागते.

आता वेगाचा हिशोब पाहू. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार जोरात ब्रेक दाबल्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० किलोमीटर झाला, तर किती अंतर लागेल? तुम्ही म्हणाल, १० मीटर. पण तसे नाही. वेग दुप्पट झाला, की थांबण्याचे अंतर चौपट होते. म्हणजे सुमारे २० मीटर लागतात. शिवाय समोरचा धोका पाहून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. असे एकूण ३७ मीटर होतात. पावसात रस्ता ओला असला, तर हे अंतर आणखी वाढते. म्हणून चालत्या गाडीसमोरून पळत रस्ता ओलांडू नका. ड्रायव्हर कितीही हुशार असला, ब्रेक कितीही चांगला असला, तरी गाडी जागच्या जागी थांबू शकत नाही.

मोटारीचा ब्रेक सायकलच्या ब्रेकपेक्षा थोडा वेगळा असतो. मोटार जड असते. ती थांबवायला खूप जोर लागतो. पण ड्रायव्हर तर फक्त एका पायाने पेडल दाबतो. मग एवढा जोर येतो कोठून? फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा काळ १६२३ ते १६६२. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे त्यांनी दाखवून दिले. मोटारीचा ब्रेक याच नियमावर चालतो. पेडल दाबले, की एका नळकांड्यातील दट्ट्या पुढे सरकतो. तो ब्रेक ऑइलवर दाब देतो. हा दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. तेथे मोठे दट्ट्ये असतात. दट्ट्या मोठा असल्यामुळे तेथे जोरही जास्त मिळतो.

चाकापाशी दोन प्रकारचे ब्रेक आढळतात. एक डिस्क ब्रेक आणि दुसरा ड्रम ब्रेक. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. या चकतीला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखे पकडतात. ड्रम म्हणजे डब्यासारखे गोल भांडे. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. शूवर लायनर चिकटवलेले असते. ब्रेक दाबला, की शू बाहेरच्या बाजूला पसरतात आणि लायनर ड्रमला आतून घासते. अनेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या ब्रेकवर कामाचा ताण अधिक पडतो.

पॅड आणि लायनर घासतात, तशी झिजतातही. पेन्सिल लिहिता लिहिता लहान होते, तसेच हे आहे. झिजणे हा दोष नाही. झिजलेले वेळेवर न बदलणे हा दोष आहे. चांगली गोष्ट अशी, की ब्रेक सहसा अचानक दगा देत नाही. तो आधी इशारा देतो. कधी तो कानाला सांगतो, कधी पायाला, कधी नाकाला, तर कधी डोळ्यांना. आपण ते ऐकले मात्र पाहिजे.

प्रथम कानाला ऐकू येणाऱ्या खुणा पाहू. ब्रेक दाबल्यावर 'चीं' असा बारीक, तीक्ष्ण आवाज येत असेल, तर पॅड झिजले असण्याची शक्यता असते. काही पॅडना पत्र्याची छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड पातळ झाले, की ही पट्टी चकतीला घासून ओरडते. जणू ती म्हणते, "आता मला बदला!" पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी एकदोनदा खरखरतो. चकतीवर आलेला हलका गंज निघून गेला, की तो आवाज थांबतो. त्याची काळजी नको. पण 'घर्र घर्र' असा जाड आवाज येऊ लागला, तर गाडी पुढे नेऊ नये. पॅड पूर्ण संपून लोखंड लोखंडावर घासत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ब्रेक नीट लागत नाही आणि चकतीही खराब होते. थोड्या पैशांचे काम मोठ्या खर्चाचे होऊन बसते.

दुसऱ्या खुणा ड्रायव्हरच्या पायाला आणि हाताला कळतात. पेडल दाबल्यावर ते स्पंजासारखे मऊ लागले, तर नळ्यांत हवा शिरली असावी. द्रव दाबला जात नाही. हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर हवा दाबण्यातच वाया जातो. मिस्त्री ही हवा बाहेर काढून देतात. पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर ब्रेक ऑइल कोठेतरी गळते आहे किंवा नळकांड्यातील रबर खराब झाले आहे, असे समजावे. पेडल एकदम दगडासारखे कडक झाले, तर पायाला मदत करणारा बूस्टर काम करत नसावा. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नसावेत. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर चकती असमान झाली असण्याची शक्यता असते.

तिसरी खूण नाकाला कळते. गाडीतून जळका, उग्र वास येऊ लागला आणि एक चाक इतरांपेक्षा फार गरम झाले, तर त्या चाकाचा ब्रेक अडकून बसला असावा. कधीकधी ड्रायव्हर हँडब्रेक सोडायला विसरतो. तेव्हाही असाच वास येतो. अशा वेळी गाडी थांबवावी. चाकाला किंवा चकतीला हात लावू नये, चटका बसतो. त्यावर थंड पाणीही ओतू नये. तापलेले लोखंड एकदम थंड झाले, तर ते वाकते किंवा त्याला तडा जातो.

चौथी खूण डोळ्यांना दिसते. गाडीतील लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही विझला नाही, तर ब्रेक ऑइल कमी झाले असण्याची शक्यता असते. चाकाच्या आतील बाजूला ओलसर, तेलकट डाग दिसला, तर ऑइल गळत असावे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये.

खूण ओळखली, की ती नीट शब्दांत सांगताही आली पाहिजे. समजा, तुम्ही गॅरेजमध्ये गेलात आणि म्हणालात, "चाचा, गाडी बिघडली आहे." तर मिस्त्री लगेच विचारतील, "बेटा, नेमके काय होते? आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो, की गाडी चालताना सतत येतो? पुढून येतो की मागून? केव्हापासून येतो?" या प्रश्नांची उत्तरे तुम्ही दिलीत, तर त्यांचे निम्मे काम सोपे होते. डॉक्टरांना आपण दुखणे नीट सांगतो, तसेच हे आहे.

आता ब्रेकची निगा कशी राखावी, ते पाहू. ब्रेक ऑइलची पातळी वरचेवर पाहावी. भांड्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये असावी. ती कमी झाली, तर नुसते ऑइल ओतून गप्प बसू नये. ती का कमी झाली, याचा शोध घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताजे 'डॉट ३' जातीचे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला, की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. मग पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागत नाही! म्हणून दर दोन वर्षांनी किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेव्हा हे ऑइल बदलावे. त्याऐवजी इंजिन ऑइल मुळीच घालू नये. त्यामुळे आतील रबरी भाग फुगून खराब होतात.

पॅड आणि लायनर ठरावीक काळाने तपासून घ्यावेत. पॅड सुमारे तीन मिलिमीटर इतके पातळ झाले, की ते बदलायची वेळ आली, असे समजतात. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकच बाजू बदलली, तर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेकवरील धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत. त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते.

घाटात ब्रेकची खरी परीक्षा होते. मालेगावहून नाशिकमार्गे भिवंडीकडे जाताना कसारा घाट उतरावा लागतो. पुण्याहून मुंबईकडे जाताना बोर घाट लागतो. समजा, मघाचीच मोटार २०० मीटर उंचीचा उतार फक्त ब्रेकच्या जोरावर उतरली. तर सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबताना जेवढी उष्णता होते, तिच्या दहापटींहून अधिक उष्णता ब्रेकमध्ये साठेल. फार तापलेल्या पॅडची पकड सुटते. म्हणून जाणते ड्रायव्हर सांगतात, "ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा." खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांतही अशी सोय असते.

काही जण पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करतात. ही फार धोक्याची सवय आहे. इंजिन बंद झाले, की बूस्टरला जोर मिळत नाही. एकदोनदा दाबल्यावर पेडल कडक होते. अनेक गाड्यांत स्टिअरिंगही जड होते. चमचाभर पेट्रोलसाठी अख्खे कुटुंब संकटात टाकण्यात कसले शहाणपण?

एवढे करूनही चालत्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर? घाबरून इंजिन बंद करू नये. पेडल वरचेवर दाबावे आणि सोडावे. त्यामुळे थोडा दाब परत येऊ शकतो. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक हळूहळू ओढावा. तो एकदम ओढला, तर मागची चाके जागीच अडकतात आणि गाडी गिरकी घेते. हॉर्न वाजवून व दिवे लावून इतरांना सावध करावे आणि गाडी चढाकडे किंवा मऊ मातीच्या ढिगाकडे न्यावी.

विज्ञानाने ब्रेकमध्ये पुष्कळ सुधारणा केल्या आहेत. १९०२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील प्रसिद्ध शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. त्यानंतर हे ब्रेक जगभर लोकप्रिय झाले. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस ही यंत्रणा सक्तीची झाली. जोरात ब्रेक दाबल्यावरही ती चाके अडकू देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. ती काम करते तेव्हा पेडल पायाखाली थरथरते. तेव्हा घाबरून पाय उचलायचा नसतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करताना मोटरच पुन्हा वीज तयार करते. तेथे पॅड कमी झिजतात. पण कमी वापरामुळे चकतीवर गंज चढू शकतो. म्हणजे यंत्र जुने असो वा नवे, निगा राखावीच लागते.

मुलांनो, तुम्ही अजून मोटार चालवत नाही. तरीही तुम्हाला बरेच काही करता येईल. ड्रायव्हरच्या पायापाशी पाण्याची बाटली, चप्पल किंवा पिशवी ठेवू नका. ती घरंगळत पेडलखाली अडकली, तर चांगला ब्रेकही लागणार नाही. गाडीत बसल्यावर काही वेगळा आवाज किंवा वास आला, तर मोठ्यांना लगेच सांगा. आपल्या सायकलचे ब्रेक तर आजच तपासा. रबर झिजले असेल किंवा तार तुटायला आली असेल, तर ती बदलून घ्या. या दुरुस्तीला खर्च थोडा येतो. पण शाळा सुटल्यावर उतारावरून घरी येताना, गल्लीच्या तोंडाशी एखादे लहान मूल अचानक समोर आले, तर त्याचा जीव त्या दोन रबरी तुकड्यांवरच अवलंबून असतो.

शब्दार्थ

निगा – काळजी, देखभाल
घर्षण – घासण्याची क्रिया
सोसणे – सहन करणे
बंदिस्त – सर्व बाजूंनी बंद असलेले
दट्ट्या – नळकांड्यात मागेपुढे सरकणारा भाग
दगा देणे – ऐनवेळी फसवणे
इशारा – धोक्याची सूचना (उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण किंवा संकेत, मराठीत सावध करण्यासाठी हा शब्द अधिक वापरतात.)
वरचेवर – पुन्हा पुन्हा, नेहमी
विसावा – आराम
गिरकी – स्वतःभोवती घेतलेला फेरा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धावणाऱ्या गाडीची ऊर्जा कशात बदलते?
(आ) पास्कल यांनी कोणता नियम दाखवून दिला?
(इ) पेडल स्पंजासारखे मऊ का लागते?
(ई) घाट कोणत्या गिअरमध्ये उतरावा?

२. कारणे लिहा.
(अ) चालत्या गाडीसमोरून पळत रस्ता ओलांडू नये.
(आ) ब्रेक ऑइल ठरावीक काळाने बदलावे.
(इ) उतारावर इंजिन बंद करू नये.
(ई) तापलेल्या चाकावर थंड पाणी ओतू नये.

३. जोड्या जुळवा.
'अ' गट : (१) 'घर्र घर्र' आवाज (२) कडक पेडल (३) जळका वास (४) चाकाच्या आत ओला डाग
'ब' गट : (क) बूस्टरचा बिघाड (ख) ऑइलची गळती (ग) पॅड पूर्ण संपले (घ) ब्रेक अडकला

४. वाक्यांत उपयोग करा.
दगा देणे, निगा राखणे, शोध घेणे, प्राण धोक्यात येणे.

५. वाचा व लक्षात ठेवा.
गाडी थांबली. ब्रेक लागला. चाक फिरले.
उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत : पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. 'तो ब्रेक, ती गाडी, ते चाक' याप्रमाणे पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : पेडल, चकती, आवाज, इंजिन, घाट, सायकल.

६. आवाज, हवा, दुरुस्ती, रस्ता हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

७. उपक्रम.
सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या. एक लहान आणि एक मोठी असावी. त्या प्लास्टिकच्या नळीने जोडून पाण्याने भरा. लहान पिचकारीचा दांडा दाबा आणि मोठीचा दांडा किती जोराने वर येतो, ते पाहा. नंतर नळीत हवेचा मोठा बुडबुडा येऊ द्या व पुन्हा दांडा दाबा. काय फरक पडला, ते पाच वाक्यांत लिहा.